इम्युनिटीच्या पुडीने ही गाठ विरघळत नाही

महोदय,

कॅन्सर म्हटला की आमच्या खानापूर-निपाणी भागात 'इम्युनिटी वाढवा' हा सल्ला सर्रास मिळतो. गुळवेलीचा काढा, हळद, जडीबुटीवाल्याची पुडी. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे आणि प्रतिकारशक्तीचे नाते वेगळेच आहे.

इन्सुलिनसारखी संप्रेरके बनवणाऱ्या पेशींतून ही गाठ होते आणि बहुधा सावकाश वाढते. तिच्यात जनुकीय बदल कमी, म्हणून टी-पेशींना, म्हणजे शरीरातल्या लढाऊ पांढऱ्या पेशींना, ती परकी वाटावी अशा खुणाही कमी. या टी-पेशी गाठीत फारशा शिरतच नाहीत. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी शिरतात, पण अनेकदा त्या गाठीच्याच वाढीला हातभार लावतात. पहारेकऱ्यानेच चोराला शिडी धरावी तसे! म्हणूनच फुफ्फुसाच्या काही कॅन्सरांत गुण देणारे, टी-पेशींना चेतवणारे पेम्ब्रोलिझुमॅबसारखे महागडे इंजेक्शन इथे फार थोड्यांना लागू पडते. त्यासाठी शेत गहाण टाकण्याआधी कर्करोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारावे.

गाठ वेळेत सापडली तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. पसरली असेल तर ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन, एव्हरोलिमसची गोळी किंवा ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध, हे पर्याय आहेत. 'ॲपल' कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांना हा आजार २००३ मध्ये कळला; आधी त्यांनी आहार आणि पर्यायी उपचार करून पाहिले, शस्त्रक्रिया २००४ मध्ये झाली.

सीमाभागातील डॉक्टरांकडून या आजारावर सोप्या मराठीत लेख लिहून घेऊन तो आपण छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)