ओंकारला मी सांगितलं

वडगाव, बेळगाव
३ ऑगस्ट

ती. आई आणि ती. बाबांना
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलवेना म्हणून लिहायला बसले. परवा आई दोनदा म्हणाली, "आवाज असा का गं तुझा?" मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती.

बाबा, पत्र तुम्हीच आईला वाचून दाखवा, आणि मध्ये थांबू नका. ओंकारला मी सांगितलं. त्याच्या अंगात जन्मापासनं एचआयव्ही आहे, गोळी त्याचीच आहे, दादा कशानं गेला, वहिनी कशानं गेली, सगळं.

देवासमोर दिवा लावून तुम्ही माझ्याकडनं शब्द घेतला होता, आम्ही आहोत तोवर हे पोराच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. तो शब्द मी मोडला. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हटला असता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर माझ्यानं झालं नसतं. म्हणून विचारलं नाही. त्याबद्दल काय बोलायचं ते मला बोला, त्याला नको.

काय झालं ते ऐका. मे महिन्यात सिव्हिलमध्ये त्याची व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते बघायची, तपासणी झाली. इतकी वर्षं त्या कागदावर विषाणू 'आढळत नाही' असंच यायचं. ह्यावेळी आकडा हजारांत आला. एआरटीच्या, म्हणजे ह्या गोळ्या देणाऱ्या विभागाच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, गोळ्या चुकतात काय? मी म्हटलं, छे, रोज रात्री नऊला माझ्यासमोर घेतो. घरी येऊन त्याचं कपाट उघडलं तर डबीवरचं लेबल नखानं खरडून काढलेलं, आणि मागच्या मोरीत तोंडातनं काढून टाकलेली गोळी. मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, रक्त वाढायची गोळी ना ही? कबड्डीच्या टीममध्ये घेतलंय मला. आता आणि किती वाढवायचं रक्त?"

काय उत्तर देणार होते मी? त्याचं चुकलं नव्हतं. आपणच त्याला जे शिकवलं, तसंच तो वागला.

मॅडम म्हणाल्या, गोळी अशी मधूनमधून चुकली की विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग ते औषध चालेनासं होतं. त्या एका गोळीत तीन औषधं आहेत, आणि ती जन्मभर रोज घ्यायची आहे. ज्याला कशासाठी घ्यायची हेच माहीत नाही, तो जन्मभर घेणार कशी? मुलाला बाराव्या वर्षापर्यंत समजेल तसं सांगावं असं त्यांचं शास्त्र सांगतं. आपला सोळाचा झाला.

किल्ल्याच्या तळ्याकडे घेऊन गेले त्याला. घरात माझ्या तोंडातनं निघालं नसतं. सांगितलं तेव्हा रडला नाही. बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मग विचारलं, "आजीला कधीपासनं माहीत?" म्हटलं, तू चार वर्षांचा होतास तेव्हापासनं. पुन्हा गप्प. मग म्हणाला, "तरी आजी माझ्या तांब्यातलं पाणी प्यायची?"

आई, एवढं एकच त्यानं विचारलं गं. त्यावर मी रडले, तो नाही.

वहिनीचं ते वेगळं ताट आठवून तू अजून स्वतःला टोचून घेतेस, मला ठाऊक आहे. तेव्हा आपल्याला कोण सांगणार होतं? पण नंतर बारा वर्षं ह्याला मांडीवर घेऊन आपल्या ताटातलं भरवलंस. तुम्हा दोघांना काही झालं काय? एका ताटात जेवल्यानं, कपडे एकत्र धुतल्यानं, डास चावल्यानं, पापा घेतल्यानं हा विषाणू लागत नाही. तो लागतो रक्तातनं, एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर, शरीरसंबंधातनं, आणि आईकडनं बाळाला. बस्स.

आणि त्याचा जन्म घरात झाला म्हणून जे मनाला लावून घेतलंयस, तेही सोड. ओढ्याला पूर होता, सुईण मिळाली हेच नशीब. दादालाच ठाऊक नव्हतं, तिथं तुला कुठनं कळणार? काहीच उपचार नसले तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईला वेळेत औषध मिळालं तर पाचांपेक्षा कमी. तुला दोष द्यायला लिहीत नाही. शेजारच्या काकूंच्या सुनेला दिवस गेलेत म्हणालीस ना, तिला तपासणीला घेऊन जा म्हणून लिहितेय. फुकट होते. लाजायचं काही नाही, प्रत्येक गरोदर बाईची करतात.

बाबा, तुम्हाला त्याच्या कॉलेजची धास्ती. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासनं लागू झालाय. ह्या कारणावरनं प्रवेश नाकारता येत नाही, नोकरीवरनं काढता येत नाही, आणि त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायलाही मनाई आहे. कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं ते आता तो ठरवेल.

पुढचं लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते. तो मोठा होतोय. उद्या त्याचं कुणावर मन बसेल, लग्न होईल. दादाला कळलंच नव्हतं, म्हणून वहिनी गेली. गाडी मुंबई-बेंगळूर मारत होता, अंगात काय घेऊन येतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. १ एप्रिल २००४ पासनं सरकारात ही औषधं फुकट मिळत होती, आणि २०१२ ला आपण त्याला घेऊन वैद्याच्या दारात बसलो होतो. तेच पुन्हा होऊ द्यायचं काय? २०११ मध्ये १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाचा निकाल आला, आपल्या पुण्या-चेन्नईतलीही जोडपी होती त्यात. लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांनी तर दाखवून दिलं की रक्तात विषाणू आढळेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातनं तो दुसऱ्याला जातच नाही. निरोधाचंही मॅडमनी त्याला नीट समजावलं. त्याचं लग्न होऊ शकतं, धडधाकट पोरं होऊ शकतात. नातसुनेचं तोंड बघायचंय म्हणतेस ना?

आता गोळी स्वतः घेतो. मोबाईलला गजर लावलाय. तीन महिने नीट घेतल्या की परत रक्त बघणार, म्हणजे ऑक्टोबरात. तोवर माझा जीव टांगणीला आहे, पण त्याच्यासमोर तसं दाखवत नाही.

त्याच्या खाण्यापिण्याची काळजी करू नका. सकाळी नाचणीची आंबील, दुपारचा डबा, रात्री गरम भाकरी. ह्यांनी त्याला माडीवरची खोली दिलीय, गळत होती ती कौलं पावसाच्या आधीच बदलली. तू दिलेली वाकळच पांघरतो, माझी रजई बाजूला सारतो. मला ताप भरला की तू त्याच वाकळेत गुंडाळायचीस, आणि बाबा इरल्याखाली पाठुंगळी घेऊन जांबोटीच्या बसपर्यंत चिखल तुडवायचे. बाबांच्या मानेला घामाचा आणि तंबाखूचा वास यायचा. अजून ताप आला की तो वास आठवतो.

आता बाबा, तुमचं. खोकला किती दिवस झाला? खरं सांगा. आई म्हणते आठ दिवस, पण गुरुपौर्णिमेला फोन केला तेव्हाही तुम्ही खोकत होता. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची, हा नियम आहे. वहिनीला शेवटी टीबीनंच नेलं. ओंकारला सगळ्यात मोठा धोका त्याचाच आहे, आपल्यापेक्षा त्याला तो लवकर धरतो. गणपतीला तो येणार, त्याच्या आधी तपासणी झालीच पाहिजे. तोवर तोंडाला टॉवेल धरून खोका आणि खिडक्या उघड्या ठेवा. आणि गावातल्या कंपाउंडरकडनं इंजेक्शन घेताना नवी सुई तुमच्यासमोर पाकिटातनं काढायला लावा. साखर तपासायची सुईसुद्धा तुमची तुम्हालाच, आईला ती टोचायची नाही.

आई, तू एकदा ये इकडे. आधार कार्ड घेऊन ये, बायकांना तिकीट लागत नाही. चवथीला तो आला की नुसतं रडत बसू नकोस. त्यानं काही विचारलं तर खरं सांग, आणि नाही विचारलं तर नेहमीसारखी जेवायला वाढ.

तुमची
सुमी

ता. क. थुंकी सकाळची, चूळ भरून, छातीतनं खोल खोकून काढलेली द्यायची. नुसती लाळ चालत नाही. डबी सरकारी दवाखान्यातच मिळते. पैसे पडत नाहीत.