आधी तुम्ही फरशीवर पडलात, काका

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल आणि काकू हसतील. मेन रोडच्या बोळातलं, जुन्या पाटीचं चष्म्याचं दुकान एवढ्यावर निम्मं नाशिक तुम्हाला ओळखेलच.

मी तुमच्याकडे आले ती चिडूनच आले होते. त्याआधी दोन चकाचक दुकानं झाली होती. एसी, पाण्याची बाटली, 'बसा ना मॅडम', सगळं झालं. मी म्हटलं, मी रायफल शूटिंग करते, पोटावर पडून, ५० मीटरवर. त्यासाठी चष्मा हवाय. पहिल्या दुकानातला मुलगा शेजारच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, झोपून चष्मा कोण लावतं?" दोघंही हसले. मग त्यांनी मला प्रोग्रेसिव्ह विकला. म्हणे सगळ्या अंतराचं दिसेल. दिसायचं काय, कपाळ! पडल्यावर मी बघणार काचेच्या वरच्या कोपऱ्यातून. खालचा तो महागाचा वाचायचा भाग जॅकेटच्या कॉलरकडे बघत बसायचा.

दुसऱ्या दुकानात म्हणाले, नंबर बरोबर आहे, आता वयाचा भाग आहे. बरं. सत्तेचाळीस आहे वय, लपवत नाही. मुलीला रेंजवर सोडायला जायचे. तिने ते सोडलं, मी धरलं. पण वय झालं म्हणून गिऱ्हाइकाला दारातून परत लावायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. नंतर अंबडच्या एका दुकानातून कारखान्यात घालतात तसला गॉगलही आणला. त्याची वरची जाड कड थेट नेमाच्या रेषेत यायची आणि पाचव्या शॉटला काच वाफेने पांढरी व्हायची.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला याच प्रकारात, ५० मीटर प्रोनमध्ये, जागतिक विजेतेपद मिळवलं. कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं, त्यातली एक पोझिशन हीच, पडून मारायची. तेव्हा चौकाचौकात बॅनर लागले. आणि चष्म्याच्या दुकानात 'पडून' म्हटलं की खिदळतात.

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "पडल्यावर मान कशी असते?"

मी उभ्याने दाखवायला लागले. हनुवटी पुढे, गाल लाकडाला टेकलेला, नजर भुवईखालून वर. तुम्ही म्हणालात, असं नाही कळणार. मी दाराकडे बघितलं. दुपारी चारची वेळ, बोळातून माणसांची ये-जा, समोरच्या भांडीवाल्याच्या दुकानात पाचसहा जण, आणि मी ऑफिसच्या साडीत. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार. कारण त्यानंतर तुम्ही मला काहीही न सांगता काउंटरच्या बाहेर आलात, कोपऱ्यातली शटरची आकडी घेतलीत आणि स्वतः फरशीवर पालथे पडलात. पासष्टीच्या पुढचा माणूस, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. आकडी खांद्याला लावून म्हणालात, "अशी? कोपर अजून आत?"

मी म्हटलं, "डावं कोपर आत, काका." भांडीवाला टक लावून बघत होता. तुम्ही त्याला खालूनच ओरडून सांगितलंत, "काय बघतोस, गुडघा धरलाय माझा!" मग वरून काकूंना हाक मारून चटई मागवलीत आणि म्हणालात, "आता तुम्ही. माझं झालं, आता लाज कसली?"

सगळ्या प्रकरणातलं मला हेच राहून राहून आठवतं. चष्मा नंतर आला.

मी पडल्यावर काकूंनी काचेवर मार्करने ठिपका दिला, माझं बुबुळ जिथून बघतंय तिथे. उठून बघते तर ठिपका पार वर, नाकाकडच्या कोपऱ्यात, फ्रेमच्या कडेला चिकटलेला. दोन वर्षं मी काचेच्या ज्या जागेतून नेम धरत होते, ती जागा बघण्यासाठी बनवलेलीच नव्हती! फ्रंट साइटची, म्हणजे नळीच्या टोकावरची, गोल रिंग मला अंड्यासारखी दिसायची आणि मी कोचला म्हणायचे, रायफल खराब आहे.

बाकी काय काय केलंत ते सगळं इथे लिहीत बसत नाही. उंच काचेची, आजोबा लोक घालायचे तसली फ्रेम काढलीत, नोज पॅड वाकवून ती वर उचललीत, काचेचा मध्य ठिपक्यावर आणलात. सव्वादोनचा मायनस नंबर पावणेदोनवर आणलात, कारण मला ५० मीटरवरचा काळा गोल नाही, नळीच्या टोकावरची रिंग स्वच्छ दिसायला हवी. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. काळा थोडा धूसर राहिला तरी चालतो. त्यातल्या दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तो तसाही कुणाला दिसतो!

काच पॉलिकार्बोनेटचीच घ्या, हे मात्र तुम्ही हट्टाने सांगितलंत. मी म्हटलं, साधी चालेल, स्वस्त पडेल. तुम्ही विचारलंत, "डावीकडच्या माणसाची पुंगळी कुठे उडते?" माझ्या अंगावर. एकदा कॉलरमध्ये गेली होती, गरम. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त वहीत 'पॉली' लिहिलंत.

नेम न धरणारा डावा डोळा झाकायला, काचेवर चिकटवायला काळा कागद मागितला तर तो दिला नाहीत. दुधी टेप लावलीत, तीन सेंटिमीटरच्या आत, 'नियमात बसते' म्हणालात. डोळा अंधारात गेला की त्याची बाहुली मोठी होते आणि तिच्या जोडीने दुसरीही, असं काहीसं सांगितलंत. टेपचे पैसे विचारले तर माझ्याकडे असं बघितलंत की मी पाकीट बंद केलं.

आणि महागडी फ्रेम गळ्यात मारता आली असती. शूटिंगची खास परदेशी फ्रेम असते, गोल काच हवी तशी वळवता येते, हे तुम्हीच सांगितलंत. वर म्हणालात, "खरी वस्तू ती. पण आधी यावर सहा महिने खेळा, मग ठरवा. मी मागवून देत नाही, मला त्यातलं कळत नाही." 'मला कळत नाही' हे वाक्य नाशिकच्या कुठल्याही काउंटरवर मी याआधी ऐकल्याचं आठवत नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात एक भाजीवाली सांगते, 'ताई, आजचे टोमॅटो नका घेऊ.' त्या जातीची माणसं तुम्ही.

एक कबुली राहिली. तुम्ही उठलात तेव्हा शर्टाच्या पुढच्या बाजूला, खिशापासून पोटापर्यंत, धुळीचा लांब पट्टा उमटला होता. मला सांगता आलं नाही, घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. तुम्ही तसेच पुढच्या गिऱ्हाइकाला फ्रेमा दाखवायला लागलात. काकूंनी झटकला असेल नंतर.

परवाच्या रविवारी साठ शॉट मारले. शेवटचं टार्गेटचं कार्ड जपून ठेवलंय, शनिवारी ऑफिस सुटल्यावर घेऊन येते. नऊ शॉट दहाचे आहेत, एक आठचा. ती आठ चष्म्याची नाही, माझी.

तुमची,
चटईवरची गिऱ्हाईक