बाबा, गाळा विकला

मुलुंड, रविवार रात्र

ती. आई-बाबा यांस साष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. तीनदा लावलाही, पण बाबांचं 'बोल गं' ऐकलं की पुढचे शब्द घशातच अडकतात. म्हणून लिहितेय. बाबा, सकाळची बीपीची गोळी घेतली असेल तरच पुढे वाचा. नसेल तर आई, आधी ती दे.

मॉलमधला गाळा मी विकला. बुधवारी रजिस्ट्रेशन झालं, किल्ल्याही दिल्या.

गाळा माझ्या नावावर असला तरी पैसे बाबांच्या फंडाचे होते. विचारायला हवं होतं, हे मला कळतं. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, 'अजून एक दिवाळी बघ.' आणि मी बघितली असती. अशा चार दिवाळ्या बघून झाल्या. गेल्या धनत्रयोदशीला दुपारी दोनपर्यंत भवानी झाली नव्हती. आमच्या मजल्यावरच्या बेचाळीस गाळ्यांपैकी सहाच उघडे. सरकता जिना दीड वर्ष बंद, त्याच्या रबरी कठड्यावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उठायची. काचेच्या छताखाली पावसाळ्यात लाल बादली ठेवायचे, ती नंतर कोणी उचललीच नाही.

तुम्ही विचाराल, फिनिक्समध्ये अजून पाय ठेवायला जागा नसते, मग आपलाच मॉल का बसला? तिथे जागा एका मालकाची आणि दुकानं भाड्याची. कुठे काय असावं, हे एक जण ठरवतो. आपल्याकडे बिल्डरने एकेक गाळा सुटा विकला आणि निघून गेला. मग कोणी शटर ओढून भाव वाढायची वाट बघत बसला, कोणी क्लासवाल्याला दिला, कोणी गोदाम केलं. मेंटेनन्स थकला तसा एसी फक्त शनिवार-रविवारी लागायला लागला, पुढे तेवढाही नाही. 2020 मध्ये मार्चपासून ऑगस्टपर्यंत मॉल बंद होते, त्यात तळमजल्यावरचं मोठं दुकान उठलं. त्याच्या गर्दीवरच तर वरचे आम्ही जगत होतो. उरलेली गिऱ्हाइकं पोरीला फ्रॉक घालून बघायची, लेबलचा फोटो काढायची आणि घरी जाऊन फोनवरून मागवायची. त्यांना तरी काय बोलणार, आई, चारशे रुपये वाचत होते त्यांचे.

बाबा, 2007 मध्ये तुम्ही चुकलात असं चुकूनही मनात आणू नका. तेव्हा सगळी मुंबई मॉलच्या मागे होती. क्रॉसरोड्स आठवतो ना, 1999 चा? मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड असेल तरच आत, ही अट उठल्यावर तुम्ही आम्हाला हाजीअलीला घेऊन गेलात. आईने एका हाताने निऱ्या आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं होतं, जिना संपला तरी सोडलं नाही. वर पोचल्यावर तुम्ही आधी कपड्यांच्या दुकानात शिरलात आणि शर्टाची शिवण उलटून बघितलीत. नंतर त्याचं सोबो सेंट्रल झालं आणि तोही रिकामा होत गेला. फोर्टातलं अकबरअलीजचं मोठं दुकान तर 1897 पासूनचं, तेही गेलं. मग आपल्या दीडशे फुटांचं काय घेऊन बसायचं?

धंदा बंद केलेला नाही. स्टेशनच्या पश्चिमेला, भाजीवाल्यांच्या पुढच्या गल्लीत छोटी जागा भाड्याने घेतलीय. ऊन लागतं, शटरही जुनं आहे, पण शाळा सुटली की पोरं दारावरून जातात. शाळेचे मोजे, पेटीकोट, रेनकोट असलं साहित्यही ठेवणार आहे. पहिल्या दिवशी चार मोज्यांचे जोड गेले.

पैशांचं सांगते. भाव उतरलाय, पण बाबांच्या फंडातले होते ते सगळे सुटले. ते पोस्टाच्या मंथली योजनेत तुमच्या दोघांच्या नावाने टाकायचे आहेत. फॉर्म भरून पाठवतेय, खुणा केल्या आहेत तिथेच सह्या करा. दर महिन्याच्या व्याजात औषधं भागतील, वर गॅस आणि दूधही. त्यातून काका-मामाला उसने द्यायचे नाहीत.

आणि ऐका. आई, गुडघ्याला तेल लावायला शेजारच्या वहिनींना बोलाव, एकटी पाटावर बसू नकोस. न्हाणीघरातली रबरी चटई गुंडाळून ठेवलीयस ना माळ्यावर? ती आजच काढ. बाबांनी आंब्याच्या झाडावर चढायचं नाही. शिडी लावूनसुद्धा नाही. ईसीजी शनिवारच्या आत.

गाळ्यातून सगळ्यात आधी काय काढलं सांगू? बाबांची मीटरची पट्टी. अपना बाजारच्या कापड काउंटरवरून निवृत्त होताना तुम्ही बरोबर आणली होतीत ती. पन्नासच्या खुणेपाशी तुमच्या अंगठ्याने झिजली आहे, तिथे आकडा दिसतच नाही. लहानपणी मी त्याच जागी बोट ठेवून झोपायचे. आता ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय. नव्या दुकानात अजून मांडलेली नाही.

पाडव्याला या. दोघांची तिकिटं काढलीत, खालचे बर्थ मिळालेत. पट्टी काउंटरवर बाबांनी ठेवायची, आणि आई, फळीवर हळदीकुंकू तू वाहा. नारळ मी आणून ठेवते.

तुमची,
चिमी