शेवटच्या नळाला क्लोरीन किती, ते रोज जाहीर करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तालुक्याच्या गावांतून ठरावीक बातमी येऊ लागते : नळाला गढूळ पाणी, नागरिक संतप्त. नगरपंचायतीचा खुलासाही ठरलेला असतो. नदीला नवे पाणी आले आहे, गाळ वाढला आहे, नागरिकांनी पाणी गाळून, उकळून प्यावे. चार दिवसांनी पाणी निवळते आणि सगळे शांत होतात. आमचा आक्षेप या शांत होण्याला आहे. गढूळपणा डोळ्यांना दिसतो म्हणून त्यावर ओरड होते. पण कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो ज्या पाण्यातून पसरतात ते पुष्कळदा अगदी नितळ असते. नळाचे पाणी निर्धोक आहे का, हे चटकन आणि स्वस्तात सांगणारी खूण एकच, ती म्हणजे त्यात शिल्लक असलेला क्लोरीन. तो मोजायचा शुद्धीकरण केंद्रावर किंवा टाकीखाली नव्हे, तर लाइनीच्या टोकाच्या घरातल्या नळावर.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), म्हणते की ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे कशाशीही बांधला न गेलेला, क्लोरीन शिल्लक असावा. विषाणूंपासून बचाव हवा असेल तेव्हा किमान ०.५. वरची मर्यादा १ मिलिग्रॅम. पाण्यातून काविळीची साथ पसरवणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणूच आहेत, तेव्हा साथीच्या दिवसांत ०.२ वर समाधान मानता येत नाही. इचलकरंजीत २०१२ साली आलेली काविळीची साथ अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गिलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि मग नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही याची विचारपूस सुरू झाली. मोठ्या शहरात निदान प्रयोगशाळा असते, केमिस्ट असतो. वीस-तीस हजार वस्तीच्या गावात पंप चालवणारा, तुरटी सोडणारा आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारा माणूस अनेकदा एकच असतो.

त्याच्या कामाचा हिशेब नागरिकांना ठाऊक असायला हवा. ३०,००० वस्ती आणि दरडोई १०० लिटर धरले तर रोजचे ३० लाख लिटर पाणी होते. लिटरला २ मिलिग्रॅम मात्रा द्यायची तर ६ किलो क्लोरीन लागतो. टीसीएल पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन असेल तर ती २४ किलो लागते, म्हणजे रोज जवळजवळ २५ किलोची एक गोणी. पावडर ताजी असताना हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर असते. पण ती ओल धरते आणि उन्हाने, उष्णतेने तिच्यातला क्लोरीन उडत जातो. तोंड उघडी गोणी पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळाभर पडून राहिली तर शेवटी तिच्यात बहुतांश चुनाच उरतो. १५ टक्क्यांवर उतरलेली पावडर त्याच मापाने टाकली तर ६ किलोऐवजी ३.६ किलो क्लोरीन पाण्यात जातो आणि मात्रा १.२ वर येते. रजिस्टरमधली '२४ किलो' ही नोंद मात्र खरीच असते. म्हणून २० टक्क्यांखालची पावडर वापरायची नाही, प्रत्येक नव्या लॉटचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, गोण्या कोरड्या व हवेशीर खोलीत फळ्यांवर रचायच्या आणि आधी आलेली आधी संपवायची.

टाकण्याची पद्धतही महत्त्वाची. पावडर थेट टाकीत ओतली की तिच्या गुठळ्या तळाला बसतात, आणि एका भागाला उग्र वासाचे पाणी तर दुसऱ्या भागाला क्लोरीनच नाही, असे होते. आधी थोड्या पाण्यात पावडर कालवून घ्यावी, मग ड्रमभर पाण्यात ढवळून चुना खाली बसू द्यावा. वरची निवळी टाकीत पाणी चढत असताना, जिथे पाण्याची धार पडते नेमकी तिथे, बारीक धारेने सोडावी. खालचा साका टाकीत जाऊ देऊ नये. डोझरच्या (क्लोरीनचे द्रावण मापाने सोडणाऱ्या यंत्राच्या) नळ्या त्यानेच चोंदतात. टाकी भरल्यावर अर्धा तास तरी व्हॉल्व्ह उघडू नये, कारण जंतू मारायला क्लोरीनला तेवढा वेळ लागतो. वीज गेली आणि टाकी उशिरा भरली की पहिली काटछाट याच अर्ध्या तासाची होते.

गढूळपणाचा खरा धोका इथे आहे. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि गाळातला सेंद्रिय भाग क्लोरीन खाऊन टाकतो. मानकानुसार गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचे एकक) असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत सूट आहे. तिथवर पोचायला तुरटीची मात्रा रोज ठरवावी लागते, पुराच्या दिवसांत दोन-तीनदा. सहा बीकरमध्ये एकेक लिटर कच्चे पाणी घ्यायचे, तुरटी १० मिलिग्रॅमपासून ६० पर्यंत चढत्या मापाने घालायची, मिनिटभर जोरात आणि मग पंधरा-वीस मिनिटे सावकाश ढवळायचे, अर्धा तास स्थिर ठेवायचे. सर्वांत कमी तुरटीत जे पाणी नीट निवळले ती त्या वेळची मात्रा. 'आज पाणी लाल आहे, दोन ढेपा जास्त टाक' अशा अंदाजाने हे साधत नाही. तुरटी जास्त झाली तरी गाळ नीट बसत नाही, शिवाय पाण्याचा पीएच उतरतो. फिल्टरची उलट धुलाई (खालून वर पाणी सोडून वाळू धुणे) लांबली की वाळूत मातीचे गोळे होतात, थराला भेगा पडतात आणि पाणी न गाळताच खाली उतरते. धुलाईनंतरचे पहिले काही मिनिटांचे पाणी वाया सोडायचे असते. टंचाईचे कारण सांगून तेही टाकीत घेतले जाते, हे थांबले पाहिजे.

केंद्रावर सगळे चोख झाले तरी पाणी बिघडते ते बहुधा पुढे, रस्त्याखाली. दिवसाआड एक तास पाणी सुटते याचा अर्थ उरलेले ४७ तास लाइन रिकामी किंवा अर्धवट भरलेली असते. व्हॉल्व्ह बंद झाला की चढावरचे पाणी उताराच्या नळांतून निघून जाते, लाइनीत पोकळी होते आणि ती मिळेल तिथून हवा व पाणी ओढते. पाणी चालू असताना ज्या गळक्या जॉइंटमधून कारंजे उडते, त्यातूनच पाणी बंद झाल्यावर गटार आत येते. सैल फेरूल (मुख्य लाइनीवर घरची जोडणी बसवायचा सांधा) आणि गंजून जाळी झालेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप यांचेही तेच. घरोघरच्या जोडण्या गटारातून आडव्या नेलेल्या असतात, कारण रस्ता फोडण्यापेक्षा ते सोपे पडते. जलवाहिनी आणि गटार यांत आडवे ३ मीटर अंतर असावे, ते शक्य नसेल तर जलवाहिनीचा तळ गटाराच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर असावा, असा संकेत आहे. जुन्या पेठेतला बोळच ३ मीटरचा नसतो, हे मान्य. पण गटार ओलांडताना जोडणी त्याच्या वरून, दुसऱ्या मोठ्या पाइपमध्ये घालून नेता येते. गटाराच्या पट्ट्यात एकही जॉइंट न ठेवता अखंड एमडीपीई (प्लास्टिकची) पाइप टाकता येते. नळजोडणीला मंजुरी देतानाच ही अट घालावी आणि खड्डा बुजवण्याआधी कर्मचाऱ्याने ती प्रत्यक्ष पाहावी.

नळाला थेट मोटार लावणाऱ्यांविषयी शेजाऱ्याचे पाणी पळवतात म्हणून बोलले जाते. त्याहून मोठे नुकसान हे की मोटार चालू लाइनीतही पोकळी तयार करते, म्हणजे पाणी सुटलेले असतानाही गटार आत ओढले जाते. हा प्रकार सार्वजनिक आरोग्याविरुद्धचा गुन्हा समजूनच त्यावर कारवाई व्हावी.

एअर व्हॉल्व्हकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. लाइन रिकामी होताना बाहेरची हवा आत घेणे हे त्याचे काम. पण त्याचा चेंबर पावसाच्या किंवा गटाराच्या पाण्याने भरलेला असेल तर तो हवेऐवजी ते पाणी आत घेतो, प्रत्येक पाळीला, न चुकता. गावातले असे चेंबर एका फेरीत पाहून होतात. व्हॉल्व्ह उभ्या पाइपवर जमिनीच्या वर घेणे किंवा चेंबरचा निचरा करणे हे गवंडी आणि प्लंबरचे काम आहे.

टोकाच्या नळाचा क्लोरीन मोजायला ओटी (ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे) किट पुरते. नळी खुणेपर्यंत पाण्याने भरायची, किटवर दिलेले थेंब टाकायचे, हलवायचे आणि लगेच पिवळा रंग पट्टीशी ताडायचा. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही. नारिंगी-तांबूस आला तर जास्त आहे. 'लगेच' यासाठी, की पहिल्या काही सेकंदांतला रंग मुक्त क्लोरीनचा असतो. पाच मिनिटांनी पाहिले तर अमोनियाशी बांधला गेलेला, कमी ताकदीचा क्लोरीनही त्यात मिसळून रंग गडद दिसतो आणि फसगत होते. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांचे, गुलाबी रंग देणारे किट याबाबत अधिक भरवशाचे. ओटीचे रसायन अपायकारक आहे; तपासलेले पाणी ओतून द्यावे, हात धुवावेत, किट मुलांच्या हाती देऊ नये. तपासणी पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकदा आणि मध्यावर पुन्हा करावी. पहिल्या पाण्यातच लाइनीत शिरलेली घाण येते.

या आकड्यांवरून दोष शोधता येतो. टाकीखाली ०.८, मधल्या चौकात ०.५, टोकाला ०.२ असे हळूहळू उतरत गेले तर ते अंतरामुळे. मात्रा थोडी वाढवावी किंवा मधल्या टाकीवर पुन्हा डोस द्यावा. पण एका चौकात ०.६ आणि पुढच्याच गल्लीत शून्य, तर त्या दोन ठिकाणांमध्ये कुठेतरी गटार मिसळते आहे. अशा वेळी डोस वाढवून भागत नाही. त्या तुकड्याचा पुरवठा थांबवून एकेक जोडणी तपासायला हवी. पाण्याला औषधाचा वास येतो अशी तक्रार झाली की डोस कमी करण्याचा दबाव येतो. मंद वास आला तर घाबरण्याचे कारण नाही. उग्र वास पुष्कळदा बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे पाण्यात अमोनिया आहे आणि क्लोरीन कमी पडतो आहे. वासाच्या तक्रारीला उत्तर म्हणून आधी चाचणी करावी, मग डोसला हात लावावा.

क्लोरीनची चाचणी जंतुचाचणीची जागा घेत नाही. दर ५,००० लोकवस्तीमागे महिन्याला किमान एक नमुना जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या प्रयोगशाळेत जायला हवा, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) अजिबात सापडता कामा नये. नमुना मात्र निर्जंतुक बाटलीतच घ्यावा. क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते नसेल तर वाटेत क्लोरीन उरलेले जंतू मारतो आणि अहवाल उगाच चांगला येतो. बाटली विसळायची नाही, नळाचे तोंड ज्योतीने तापवायचे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे, मग भरून बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत, शक्यतो सहाच तासांत, पोचवायची. प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दुसऱ्या दिवशी एसटीने पाठवलेल्या नमुन्याच्या अहवालाला अर्थ नसतो. दर महिन्याला टाकीजवळच्या त्याच एका नळाचा नमुना पाठवणे, हेही तितकेच निरुपयोगी.

घरी काय करावे ते थोडक्यात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळू द्यावे, वरचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे आणि खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे. तुरटीने माती बसते, जंतूंची खात्री देता येत नाही. उकळलेले पाणी झाकून ठेवावे. माठाला तोटी असावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. जमिनीखालचा हौद ड्रेनेजच्या चेंबरला लागून असेल तर नळाचे चांगले पाणीही तिथे बिघडते. घरची टाकी निर्जंतुक करायची तर घासून धुतलेली ५०० लिटरची टाकी पाण्याने भरून तिच्यात २५ टक्क्यांच्या १०० ग्रॅम टीसीएलची निवळी टाकावी, रात्रभर ठेवून सकाळी सगळे सोडून द्यावे आणि टाकी धुऊन घ्यावी. दारावर येणारे विक्रेते टीडीएस मीटर दाखवून घाबरवतात. ते मीटर विरघळलेले क्षार मोजते, जंतूंचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोखंडी सळ्यांचे यंत्र पाण्यात घालून पाणी तांबडे-हिरवे करून दाखवतात, तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो.

नगरपंचायतीकडे आमची मागणी अशी. कार्यालयाबाहेर फलक लावावा आणि त्यावर रोज प्रत्येक प्रभागातील टोकाच्या एका नळाचा क्लोरीन, मोजल्याची वेळ आणि ठिकाण लिहावे. नळ दर आठवड्याला बदलावा. त्याच फलकावर फिल्टरनंतरचा गढूळपणा, वापरात असलेल्या टीसीएलची टक्केवारी आणि प्रत्येक टाकी धुतल्याची तारीख असावी. मोजताना त्या गल्लीतले दोन रहिवासी हजर असावेत आणि त्यांनी नोंदवहीत सही करावी. ज्या नळाला शून्य येईल त्या भागात त्याच दिवशी दवंडी किंवा ध्वनिक्षेपकावरून पाणी न पिण्याची सूचना द्यावी, दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत क्लोरीन तपासलेला टँकर पाठवावा, आणि दोष कुठे होता तेही फलकावर लिहावे.

आपले,
पाणीपुरवठा व पाणी तपासणीच्या कामातील काही वाचक