ग्रंथालयातल्या काकांना

काका, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं म्हणून असं उघड लिहितोय, कोणीतरी वाचून दाखवेलच तुम्हाला.

आमच्या पणजोबांचं पुण्यात शनिवार पेठेत छत्र्यांचं दुकान होतं, पण रोजकीर्दी, खतावण्या, हिशेबाचं सगळं 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात गेलं आणि घरात उरलं एकच वाक्य, भागीदाराने बुडवलं. म्हणून जुने पेपर बघायचे होते. आधी दुसऱ्या एका ठिकाणी तीन चकरा मारल्या, अर्ज दिला, शिफारसपत्र आणलं, तर मान वरही न करता उत्तर मिळालं की गठ्ठे सुटत नाहीत आणि जाहिराती बघून तुम्हाला काय मिळणार? इतकं लागलं ना ते.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. 1904 ते 1908 चे बांधीव अंक आणलेत, पानं पापडासारखी मोडत होती तर खाली तळहात घालून कसं उलटायचं ते करून दाखवलंत. आणि जाहिरातीतून काय मिळतं म्हणता, 1904 ला आमच्या दुकानाची जाहिरात 'विलायती छत्र्या' म्हणून, मग बंगालची फाळणी झाली, बहिष्कार सुरू झाला, आणि 1906 ला त्याच पत्त्यावर 'अस्सल स्वदेशी', वर भाव दोन आणे जास्त! अर्थात जाहिरातीत दुकानदार स्वतःचं चांगलंच सांगणार, नफातोटा काही तिथे कळत नाही.

संध्याकाळी बंद व्हायच्या वेळेला मी वाचन अर्धवट टाकून उठलो तेव्हा तुम्ही कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान फाडून पट्टी करून खुणेला घातलीत. सकाळी आलो तर तोच गठ्ठा त्याच टेबलावर, आणि पुढे आणखी एक पट्टी. विचारलं तर म्हणालात, "आडनाव दिसलं म्हणून घातली, तुमचंच आहे का बघा." जाहीर नोटीस होती, 1908 ची. भागीदारी दोघांच्या राजीखुशीने मोडली, देणं पणजोबांनी अंगावर घेतलं. म्हणजे त्या माणसाला आम्ही चार पिढ्या उगाच चोर म्हणत आलो. मला तिथेच भरून आलं, तुम्ही न बोलता पाण्याचा तांब्या ठेवून गेलात.

कुणाच्या आडनावासाठी स्वतःहून जुनी पानं चाळायची, हे पगारात बसत नाही हो काका, ते माणसात असावं लागतं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं काही ना काही हाती लागतं.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येतोय, तिला ती नोटीस स्वतः वाचायचीय. तेवढी दुसरी पट्टी तिथेच राहू द्या.