नकाशावरच्या कृष्णेबद्दल आभार

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

यंदा मार्चमध्ये साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात मी पहिल्यांदा आले, तेव्हा ४०० मीटरची दुसरी फेरी संपण्याआधीच माझे लक्ष घड्याळाकडे जात असे. आपण निवृत्त क्रीडाशिक्षक. आपले-माझे ना नाते, ना फीचा व्यवहार. तरीही आपण जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर महाबळेश्वरपासून राज्याच्या हद्दीपर्यंतची कृष्णा काढली, तिच्या प्रत्येक वळणावर लाल दोरा खळीने चिकटवला आणि म्हणालात, "महाराष्ट्रातली कृष्णा २८२ किलोमीटर. जूनपर्यंत वाहून दाखवा." रोज जेवढे धावेन तेवढी टाचणी दोऱ्यावरून पुढे सरकवायची, एवढाच नियम होता.

मी तो लगेच बिघडवला. पहिल्या आठवड्यात १६ किलोमीटर झाले आणि वाई गाठण्याच्या हौसेने दुसऱ्या आठवड्यात थेट ३१ केले. नडगी इतकी दुखू लागली की जिना उतरताना कठडा धरावा लागे. आपण रागावला नाहीत. टाचणी काढून धोम धरणावर टोचलीत, शेजारी पेन्सिलीने 'मुक्काम' लिहिलेत आणि धरण भरल्याशिवाय पाणी सोडत नाहीत, असे सांगून मला दहा दिवस फक्त चालायला लावलेत. अंतर एकदम वाढवले की स्नायूंआधी हाडे कुरकुरतात, हे मला त्या मुक्कामात कळले.

एप्रिलच्या उन्हातही आपली घाई नव्हती. उष्म्याला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर घड्याळ घरी ठेवा, असे आपण बजावलेत. पहाटे साडेपाचला आपण सायकलवरून शेजारी येत असा आणि नदीकाठची पुढची गावे विचारत असा. "मेणवली, वाई, लिंब, संगम माहुली" एवढे एका दमात म्हणता आले नाही, तर वेग जास्त आहे, असा आपला हिशेब होता. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, हे मी शाळेत वाचले होते. पण गोडोलीच्या चढावर धापा न टाकता ते सांगता आले, तो दिवस मला विशेष आठवतो. (बहे आणि औदुंबर यांच्या क्रमात मात्र मी शेवटपर्यंत चुकत राहिले.)

आपल्या जिल्ह्यात धावण्याचा विषय निघाला की मोहीच्या ललिता बाबर यांचे नाव निघतेच. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या होत्या. आपण मला ते उदाहरण एकदाही दिले नाहीत, त्याबद्दलही आभार. माझ्यासमोर आपण फक्त उद्याचे गाव ठेवलेत.

मेअखेर मी सांगली ओलांडली, हरिपूरला वारणा घेतली, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा घेतली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पावसाची पहिली सर अंगावर घेत, हद्दीवर टाचणी टोचली. यातले एकही गाव मी धावत गाठले नाही. सारे २८२ किलोमीटर साताऱ्यातच झाले.

पुढच्या उन्हाळ्यासाठी आपण कोयना काढणार आहात, असे कळले. म्हणून नकाशा माझ्याकडे ठेवून दोरा परत पाठवत आहे. सोडवताना तो हरिपूरजवळ तुटला, तिथे गाठ मारली आहे.

आपली नम्र,
पहाटेच्या तुकडीतली एक विद्यार्थिनी