प्रकाशन सोहळ्याची बातमी येते, पुस्तकाची कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आपल्या भागातल्या लेखकांच्या पुस्तक प्रकाशनाच्या बातम्या येतात त्या मी अगदी आवडीनं वाचते. लातूर, नांदेड, धाराशिवकडची माणसं लिहितायत, पुस्तकं काढतायत, बरं वाटतं. पण जवळपास प्रत्येक बातमीत एक गोष्ट राहून जाते आणि त्याच्याबद्दलच लिहायचंय. फोटोत आठ-दहा मान्यवर पुस्तक हातात धरून उभे असतात, मुखपृष्ठावर बोटं आलेली, खाली सगळ्यांची नावं पदांसकट, अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं असतं. पण पुस्तकात काय आहे? कथा आहेत का कविता? मोठ्यांसाठी का मुलांसाठी, आणि मुलांसाठी असेल तर किती वर्षांच्या? पानं किती, किंमत किती, कोणी काढलंय, आणि मुख्य म्हणजे हवं असेल तर मिळणार कुठं? यातलं एकही बातमीत नसतं. कधी कधी तर लेखकाचं नाव तिसऱ्या ओळीत सापडतं. पुस्तक घ्यायची इच्छा असलेल्या माणसानं त्या बातमीचं करायचं काय?

मी उदगीरची आहे, प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता रिटायर झाले. आमच्याकडं वाचणारी माणसं नाहीत असं कोणी म्हणालं की मला राग येतो. एप्रिल 2022 मध्ये इथं उदयगिरी कॉलेजच्या मैदानावर 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा उन्हाचा कडाका होता तरी लोक पुस्तकांच्या स्टॉलवर होतेच. वाचणारे आहेत, त्यांना पुस्तक कुठं आहे ते कळत नाही, अडचण एवढीच आहे.

देविदास सौदागर यांचं उदाहरण बघा. तुळजापूरचा तरुण, स्वतः शिवणकाम करणारा, त्यानं टेलरच्याच आयुष्यावर, रेडीमेड कपड्यांमुळं हातातलं काम कसं जातं त्यावर ‘उसवण’ ही कादंबरी लिहिली. 2022 मध्ये आली. जून 2024 मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यानंतर आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की असं पुस्तक आहे आणि ते आपल्या तुळजापूरच्या पोरानं लिहिलंय! तुळजापूर काही परदेश नाही हो, आम्ही दरवर्षी देवीला जातो. मधली दोन वर्षं ते पुस्तक होतं, आणि ज्यांच्या गल्लीत दोन दोन टेलरची दुकानं बंद झाली त्या आमच्यासारख्या लोकांपर्यंत ते पोचलं नव्हतं. पुरस्कार मिळाला म्हणून कळलं. ज्यांना पुरस्कार मिळत नाही त्यांचं काय होत असेल?

मुलांच्या पुस्तकांचं तर अजून अवघड आहे. उदगीर संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे, त्यांना 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि 2025 चा नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांना, ‘आभाळमाया’ या बालकवितांच्या पुस्तकासाठी. नांदेड आम्हाला जवळ. तर मी भाचीच्या मुलांसाठी ते घ्यायला दुकानात गेले. पूर्ण दुकान गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी भरलेलं, मुलांसाठी एका कोपऱ्यात रंगवायची पुस्तकं आणि पंचतंत्र, तेही पुसट छपाईचं. दुकानदार म्हणाले मॅडम मागवावं लागेल, किती प्रती पाहिजेत? त्यांचाही दोष नाही, जे खपतं ते ठेवणार. पण त्यांच्याकडं नव्या पुस्तकांची यादी तरी कुठून येणार, गिऱ्हाईक नाव घेऊन आलं तरच ते मागवणार ना, आणि गिऱ्हाईकाला नाव तुमच्याशिवाय कोण सांगणार?

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आमच्या ओळखीच्या एका जिल्हा परिषद शिक्षकांनी मुलांसाठी गोष्टींचं छोटं पुस्तक काढलं, पदरचे पैसे घालून, तीनशे प्रती. त्यात येळवशीची, म्हणजे शेतात जाऊन साजरी करतात त्या वेळ अमावस्येची एक गोष्ट आहे, सकाळी डोक्यावर आंबिलाचा बिंदगा (मडकं) घेऊन शेताकडं निघालेली आई, कडब्याची कोप (खोपी), भज्जी आणि उंड्यांचं जेवण, आणि आंबील सांडून घाबरलेला एक मुलगा. मी ती भाचीच्या मुलीला वाचून दाखवत होते तर ती मधेच थांबवून म्हणाली, हे आपल्याच शेतातलं आहे का? मग तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढची गोष्ट स्वतःच बोट ठेवून वाचायला लागली, जोडाक्षरावर अडत अडत, पण सोडलं नाही. तिसरीतली पोरगी, एरवी मोबाईल सोडत नाही. वेळ अमावस्या लातूर-धाराशिव आणि आसपासचा भाग सोडला तर पुण्या-मुंबईकडं फारशी कोणाला माहीतही नाही, त्यावर तिकडचा प्रकाशक कशाला पुस्तक काढेल, ते इथलाच माणूस लिहिणार. आणि त्या सरांच्या निम्म्याहून जास्त प्रती अजून घरात गठ्ठे बांधून ठेवल्यात. कारण विकायचं म्हणजे वितरकाला चाळीस टक्क्यांच्या आसपास कमिशन, लहान पुस्तकाला ते परवडतच नाही, म्हणून कोणाचा फोन आला की सर जीपेवर पैसे घेतात आणि शाळा सुटल्यावर स्वतः पोस्टात जाऊन पार्सल करतात.

पोस्टाचंही सांगायला पाहिजे, कारण ही माहिती लेखकांना आणि वाचकांना दोघांनाही उपयोगाची आहे. पूर्वी पुस्तकं स्वस्तात पाठवायची रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय होती ती डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची फार अडचण झाली होती. पण 1 मे 2025 पासून पोस्टानं ज्ञान पोस्ट म्हणून नवीन सेवा सुरू केलीय, तीनशे ग्रॅमपर्यंतचं पुस्तक 20 रुपयांत आणि पाच किलोपर्यंत 100 रुपयांत, ट्रॅकिंगसकट (सुरुवातीचे दर हे असे होते). मुलांचं पातळ पुस्तक तर आरामात तीनशे ग्रॅमच्या आत बसतं. म्हणजे पुस्तक घरपोच यायची सोय आहे, फक्त कुणाला फोन करायचा ते छापून आलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे. पूर्वी वर्तमानपत्रात ‘साभार पोच’ असायचं, आठवत असेल तुम्हाला, आलेल्या पुस्तकांची नावं, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, एवढंच, बारीक अक्षरात. ते परत सुरू करा. रविवारच्या पुरवणीत पाव पान आपल्या चार-पाच जिल्ह्यांतल्या नवीन पुस्तकांना द्या. मुलांची पुस्तकं वरती घ्या आणि वय लिहा, नुसतं बालसाहित्य लिहून भागत नाही, चार वर्षांचं मूल आणि चौदा वर्षांचं मूल एक पुस्तक वाचत नाही, आईबाप चुकीचं पुस्तक घेतात आणि मग म्हणतात आमचं लेकरू वाचतच नाही. कुठं मिळेल ते लिहा, लेखकाची तयारी असेल तर त्याचा नंबर द्या.

तुम्ही म्हणाल सगळे लेखक मागं लागतील, आमचं पुस्तक छापा म्हणून. लागू देत. नोंद सगळ्यांची घ्या, दोन ओळींची, परीक्षण मात्र निवडक पुस्तकांचंच करा आणि खरं करा. ओळखीचा माणूस आहे म्हणून वाहवा करू नका. छपाईच्या चुका भरपूर असतील तर तसं लिहा, चित्रं इंटरनेटवरून उचललेली असतील तर तेही लिहा, मुलांच्या पुस्तकात तर हे फार बघायला मिळतं आणि कोणी बोलत नाही. गावाकडचा लेखक म्हणून सूट देणं म्हणजे त्याला कमी समजणंच आहे. नुसत्या कौतुकाचे लेख वाचून एकदा पुस्तक घेतलं आणि ते वाईट निघालं की वाचक पुढच्या दहा चांगल्या पुस्तकांना पण हात लावत नाही.

आणि जागेचा प्रश्न असेल तर, प्रकाशन सोहळ्याच्या बातमीतल्या मान्यवरांच्या यादीतून जरी चार ओळी काढल्या तरी पुरतात. बातमी पाठवणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पुस्तकाची किंमत, पानं, वयोगट आणि मिळण्याचं ठिकाण लिहिल्याशिवाय प्रकाशनाची बातमी घेणार नाही. एका महिन्यात सगळे सुधारतील.

गावातली शासनमान्य वाचनालयं पण ही नोंद बघून खरेदी करू शकतील, बऱ्याच ठिकाणच्या ग्रंथपालांची घ्यायची इच्छा असते पण ग्रंथोत्सवात जे दिसेल तेवढंच हाताला लागतं.

परीक्षणं लिहायला माणसं नसतील तर आम्ही आहोत. आमच्या ओळखीत चार-पाच निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही वाचू, दीडशे शब्दांत लिहून देऊ, मानधन नको, फक्त पुस्तक पाठवा. मुलांच्या पुस्तकांवर मुलांकडूनच लिहून घेऊ, ती कोणाची भीड ठेवत नाहीत. येळवशीच्या त्या पुस्तकाची एक प्रत या पत्रासोबत पाठवतेय, किंमत 60 रुपये, वय सात ते दहा, सरांना विचारलंय, त्यांचा नंबर छापायला हरकत नाही, तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे.

आपली,
एक वाचक, उदगीर (जि. लातूर)